उन्हाचा दावा

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये परवा एक नोटीस लागली. 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.' खाली सचिवांची सही, सहीवर शिक्का आणि शिक्का नीट उमटला नसावा म्हणून शेजारी आणखी एक शिक्का. बदलापूरला या जागी शेतं होती तेव्हा माणसं बांधावरून भांडायची. आता त्याच शेतांवर उंच इमारती आहेत आणि माणसं गच्चीवरून भांडतात. भांडण तेवढंच राहिलं, फक्त वर चढलं.

नोटिशीखाली चौथ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. हातात चिकवड्यांचं पातेलं, खांद्यावर जुनी सुती साडी. त्यांनी मला विचारलं, वकीलबाई, हे असं करता येतं का यांना? मी म्हटलं, दोन शिक्के आहेत, म्हणजे सचिवांना स्वतःलाच खात्री नसावी. काकूंनी एवढाच सल्ला पुरेसा मानला आणि वरच्या मजल्याचं बटण दाबलं. मीही त्यांच्याबरोबर वर गेले.

दार उघडलं आणि ऊन अंगावर आलं. एप्रिलच्या उन्हाला वास असतो, हे ज्यांनी लहानपणी वाळवण राखलं आहे त्यांनाच पटेल. तापलेल्या सिमेंटचा, शंभरदा धुतलेल्या साडीचा, हिंगाचा, ओल्या पिठाचा. काकूंनी साडी पसरली, मी कोपऱ्यावर वीट ठेवायला वाकले, आणि वाकल्या जागी माझी वीस वर्षं गळून पडली.

दोन हजार चारचा तो उन्हाळा. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, एका कापडाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की आमचं ऑफिस. आमचं म्हणजे साईंचं. साईंचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी जिन्याच्या अंधारात होती आणि कोणी ती वाचत नसे. सिंधी माणूस आदराने ज्याला साईं म्हणतो तसे ते सगळ्या बाजारपेठेचे साईं होते, आणि कोर्टातले मराठी बेलिफसुद्धा त्यांना साईंच म्हणत. सत्तरीला टेकलेले, बुटके, उन्हाळ्यात मलमलचा सदरा घालणारे. मी त्यांची ज्युनियर. वीज गेली की, आणि त्या काळात वीज जाण्याचंच वेळापत्रक असे, आम्ही निकाली निघालेल्या फायलींनी वारा घ्यायचो. साईं म्हणायचे, फाईल कधी वाया जात नाही.

हल्ली मला नव्या वकिलांपुढे बोलायला बोलावतात. विषय ठरलेला असतो : वकिली व्यवसायातील वाटचाल. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, माईक टिचकी मारून तपासणारा एक गृहस्थ आणि ज्याच्या परिचयात भूषवलेल्या पदांची यादी संपता संपत नाही असा एक अध्यक्ष. वाटचाल म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चालणाऱ्याला वाट ठाऊक होती. मला काही ठाऊक नव्हतं. माझे वडील, अण्णा, मोरिवलीजवळच्या कारखान्यात फिटर. अंबरनाथच्या आमच्या वस्तीत घरोघरी एकच मोठी तसबीर असे, कोटातली, हातात पुस्तक घेतलेली. त्यामुळे कोट हा आमच्याकडे कपडा नव्हता, ती एक घडून गेलेली गोष्ट होती. मी पहिल्यांदा काळा कोट घातला तेव्हा अण्णांनी मला गोल फिरवून, फिटर जोड तपासतो तसा तो तपासला आणि म्हणाले, "खांद्यात सैल आहे. भरेल."

बार रूममध्ये कोटाची ऐट बघून मला हसू यायचं. कुणी तो मे महिन्याच्या दुपारी बाजारातही घालून हिंडायचा, भाजीवाल्याने दर कमी करावा म्हणून. कुणी स्कूटरच्या पुढे, मागे आणि बाजूला वकिलाचं चिन्ह चिकटवायचा. बहुधा आपण कोण हे स्कूटरला कळावं म्हणून. पण स्वतःचा कोट खुंटीला अडकवताना मी कधी हसले नाही.

साईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एक वेताची, अशिलासाठी. दुसरी लोखंडी, रिकामी. अशिलाने वेताच्या खुर्चीत बसून आपली सगळी कहाणी सांगितली, शत्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, घाम पुसला, पाणी प्यालं की साईं लोखंडी खुर्चीकडे हात करायचे. आता इथे बसा. तुम्ही तो समोरचा माणूस आहात. मी त्याचा वकील आहे. सांगा, तुमची तक्रार काय?

माणसं गोंधळायची. काही चिडायची. साईं, फी मी देणार आणि बाजू त्याची सांगू? पण साईंचा नियम होता की लोखंडी खुर्चीत बसल्याशिवाय केस शिजत नाही, आणि कच्ची केस पोटात दुखते. एक किराणा व्यापारी भाडेकरूला बाहेर काढायला आला होता. लोखंडी खुर्चीत बसून भाडेकरूच्या तोंडून बोलायला लागला आणि बोलता बोलता थांबून म्हणाला, अरे, मी असतो तर मीसुद्धा भाडं दिलं नसतं. तो उठला आणि जिना उतरून गेला तो परत आलाच नाही. मी साईंना म्हटलं, अशाने आपलं ऑफिस बंद पडेल. साईं म्हणाले, "बेटा, जो खाली उतरला तो दहा जणांना वर पाठवेल."

तेव्हा मला हे नाटक वाटायचं. कायद्याच्या पुस्तकांत खुर्चीवर एकही प्रकरण नव्हतं.

कमला भाभी आल्या त्या एप्रिलच्या मध्यावर. पन्नाशीच्या आतल्या, पांढऱ्या ओढणीच्या, नखांच्या कडांत उडदाचं पीठ. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर त्यांनी पापडांचा धंदा सुरू केला. सिंधी घरात पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड देतात. उन्हाळ्यात तर पापडाशिवाय पाणी देणं म्हणजे पाहुण्याला दारातून वाटेला लावणं. त्यामुळे उल्हासनगरात पापडाला मरण नाही. भाभींच्या खालच्या खोलीत सात-आठ बायका पापड लाटायच्या, त्यातल्या निम्म्या अंबरनाथहून येणाऱ्या, आमच्याच बाजूच्या. लाटलेले पापड वाळायचे वर गच्चीवर, खाटांवर. वर्षभराचं घर त्या दोन-अडीच महिन्यांच्या उन्हावर उभं होतं.

आणि ऐन हंगामात त्यांच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

घर दोन भावांनी मिळून बांधलेलं. तळमजला धाकट्याचा, वरचा थोरल्याचा, गच्ची दोघांची. थोरले दादा ठाकुरदास. कारण त्यांनी सांगितलं ते असं, की बायकांच्या चालण्याने स्लॅब गळते. भाभी म्हणाल्या, "स्लॅब बारिश में गळते ना साहेब? मी पाऊस आला की पापड घालतच नाही." पीठ दळून आलं होतं. पोती भिंतीला लागून उभी होती. उडदाच्या पिठाला उकाड्यात कीड धरायला वेळ लागत नाही. बायका रोज सकाळी यायच्या, कुलूप बघायच्या आणि जायच्या. अजून काही दिवस असेच गेले असते तर त्या दुसरीकडे लागल्या असत्या.

साईंनी लोखंडी खुर्ची दाखवली. भाभी उठल्याच नाहीत. म्हणाल्या, त्याची बाजूच नाही, मग बसून सांगू काय? आणि ओढणीने डोळे पुसले. साईंनी मला सांगितलं, दावा तयार कर. केस अजून शिजलेली नाही, पण पिठाला कीड लागतेय.

मी दावा लिहिला. मनाई हुकमाचा. आमच्या कोर्टाच्या मराठीत एक शब्द आहे, तूर्तातूर्त. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोवर, आत्ताच्या आत्ता, तात्पुरतं का होईना, काहीतरी द्या, अशी विनवणी त्या एका शब्दात आहे. तूर्तातूर्त मनाई हुकूम. मला तो शब्द फार आवडतो. गरीब माणसाचं सगळं आयुष्य त्यात मावतं. दाव्यात मिळकतीचं वर्णन द्यावं लागतं, चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस तमक्याची भिंत. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की भांडण ज्याच्यासाठी आहे ते या चारही सीमांत नाही. ते वर आहे. पण 'ऊर्ध्व बाजूस सूर्य' असं लिहायची सोय नमुन्यात नव्हती.

कोर्टात मी चांगली बोलले. आज मागे वळून बघतानाही तसंच वाटतं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, एका घरातली माणसं आहेत, समोरच्याचं ऐकल्याशिवाय हुकूम देता येणार नाही, नोटीस काढतो. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. नोटीस लागली. समोरून पाटील वकील हजर झाले. बदलापूरकडचे, जमीनजुमलेवाले, गळ्यात चेन, पाटीवर वकील, नोटरी, सामाजिक कार्यकर्ते आणि आणखी दोन ओळी. त्यांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. मुदत मिळाली. मेमध्ये कोर्टाला सुट्टी. पुढली तारीख पडली जूनमध्ये, सुट्टीनंतर.

जूनमध्ये. बारवी धरणाकडच्या डोंगरांवर ढग बसायला लागतात तेव्हा. म्हणजे भाभींना ऊन मिळायचंच तर ते पावसाळ्यात मिळणार होतं.

कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली मी त्यांना तारीख सांगितली. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही अच्छा बोललात," आणि रिक्षात बसून गेल्या. वकिलीत शिव्या पचतात. हे असलं कौतुक पचत नाही.

त्याच आठवड्यात साईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. ते घरी पडून, डोळ्यावर हिरवी झापडं. मी सांगायला गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"तिला हुकूमनामा पाहिजे की ऊन?"

मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, मग क्रम ठरव.

दुसऱ्या दिवशी मी भाभींना ऑफिसात बोलावलं. वीज नव्हती. खाली कापडाचे तागे उलगडल्याचा फडफडाट येत होता. मी लोखंडी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, भाभी, आज ही केसची नाही, पिठाची गोष्ट आहे. बसा. त्या बसल्या. मी विचारलं, ठाकुरदासभाई, तुमची तक्रार काय?

पहिल्यांदा त्या नवशिक्यासारखं बोलल्या. स्लॅब गळते, धूळ येते, बायका जिन्यात बोलतात. मी म्हटलं, हे तर पाटील वकिलांनी सांगितलंय. तुम्ही सांगा. भाभी खुर्चीत ताठ झाल्या. मग त्यांचा आवाजच बदलला, जाड आणि ठसक्याचा झाला, आणि मला खरंच त्या खुर्चीत एक म्हातारा माणूस दिसायला लागला.

"छोटा भाई गेला. तो होता तेव्हा पहिली खाट वाळली की पहिले पापड वर माझ्याकडे यायचे. थाळीत, कपडा झाकून. तो स्वतः घेऊन यायचा. तो गेला आणि हिने दुकान खोललं. मला विचारलं नाही. आणि पापड पाठवले ते..." भाभी थांबल्या. खालचा ताग्यांचा आवाज तेवढा चालू होता. "ते थैलीत. वर किंमत लावून."

त्या स्वतःच्या आवाजात परत आल्या आणि म्हणाल्या, "हाय राम. ते लेबल तर बायका सगळ्यांनाच लावतात."

गोष्ट एवढीच होती. धंद्याच्या पहिल्या उन्हाळ्यात भाभींनी जेठांना पापड पाठवले; हवा लागू नये म्हणून धंद्याच्याच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड सील करून. त्यांच्या मनात ती काळजी होती. वर किमतीचं लेबल. जेठांना वाटलं, भावाच्या बायकोने बिल पाठवलं. त्यांनी पिशवी परत पाठवली. भाभींना वाटलं, नवरा गेल्यावर जेठांनी आपल्या हातचं अन्न नाकारलं. वर्षभर दोघंही एकाच जिन्याने ये-जा करत होते आणि दोघांनाही वाटत होतं की अपमान आपला झालाय. त्या वर्षभराच्या शेवटी कुलूप आलं. स्लॅबला यातलं काही माहीत नव्हतं.

समोरच्या अशिलाशी परस्पर बोलायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. म्हणून मी पाटील वकिलांना गाठलं. त्यांच्या ऑफिसात त्यांच्या सत्कारांचे फोटो इतके होते की भिंत कुठल्या रंगाची ते कळत नव्हतं. मी म्हटलं, रविवारी तुमच्या अशिलाच्या घरी बसूया. ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, तारीख पडलीय जूनची. माझा माणूस खूश हाय. मी कशाला घाई करू? असं वकील कुठं करतान काय?"

मी म्हटलं, तुमच्या घरी कुरडया घालतात का? ते म्हणाले, आई घालते, अंगणात, पण त्याचा इथं काय संबंध? मी म्हटलं, यंदा तुमच्या अंगणाला कुणी कुलूप लावलं तर आईला जूनची तारीख सांगाल का? पाटील पेपरवेट फिरवायला लागले. मग म्हणाले की त्यांची आई तारीख ऐकून घेणारी नाही, ती कुलूपच उखडून टाकील. आणि डायरी उघडून रविवार लिहिला. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. भिंतीचा रंग दिसत नसला तरी आत भिंत होती.

रविवारी सकाळी ठाकुरदासभाईंच्या बैठकीत आम्ही चौघं. ते उंच, ताठ, पांढरा पायजमा, बोलायला सुरुवात करण्याआधी घसा साफ करणारे. भाभी डोक्यावरून ओढणी घेऊन कोपऱ्यात. पाटलांनी प्रास्ताविक केलं, त्यात सलोखा, सौहार्द आणि भारतीय संस्कृती हे तिन्ही आलं. तेवढ्यात जेठानी, म्हणजे भाभींच्या थोरल्या जाऊबाई, पाणी घेऊन आल्या. पाण्याबरोबर पापड. प्रत्येकाला एक, भाजलेला.

भाभींनी तुकडा मोडला. तोंडात टाकला. आणि तो उरलेला पापड ताटलीत खाली ठेवला. ज्या तऱ्हेने ठेवला त्यात एका कसबी बाईने दुसऱ्याच्या कामावर दिलेला सगळा निकाल होता.

ठाकुरदासभाईंनी ते पाहिलं. "बाजार का है," ते म्हणाले. "तुझे परवडत नाहीत मला."

"दादा, खार जादा आहे यात," भाभी म्हणाल्या. "गला पकडेगा. तुमको खांसी है."

पाटलांनी तोंड उघडलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि त्यांनी, एवढ्या मोठ्या सामाजिक कार्यकर्त्याने, ते मिटलं. मग भाभींनी थैलीची गोष्ट सांगितली. तुटक, खाली बघत. हवा लागू नये म्हणून सील केलं होतं. लेबल बायकांनी लावलं. आणि तुम्ही परत पाठवलं तेव्हा मला वाटलं, या घरात आता मी कुणाची कोणी नाही.

ठाकुरदासभाईंनी घसा साफ केला. दोनदा. "मैं सोचता रहा," ते म्हणाले, "पैसे भेजूँ कि नहीं भेजूँ. भेजूँ तो परायी हो गयी. ना भेजूँ तो मैं भिकारी. तो वापस भेज दिया." आणि खिडकीकडे बघायला लागले. म्हातारा माणूस खिडकीकडे बघायला लागला की तिथे बघण्यासारखं काही नसतं.

पाटलांनी प्रसंगाचं भान राखून सुचवलं की आता चावी भाभींना द्यावी. ठाकुरदासभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला पाटलांची दया आली.

"चाबी क्यों दूँ? चाबी दी तो गच्ची मेरी, और मेहरबानी भी मेरी. ताला निकाल देता हूँ."

ते उठले आणि जिना चढून वर गेले. आम्ही खाली बसून ऐकत होतो. किल्ल्यांचा खुळखुळाट, कडीचा आवाज, आणि मग दार उघडल्यावर जिन्यावरून खाली सांडत आलेला उजेड. तो बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. जेठानीबाईंनी भाभींची ताटली उचलली आणि पदराआडून हसल्या.

इथे एखाद्या कथेचा शेवट झाला असता. मी कथा लिहीत नव्हते, मी वकील होते. माणसं चांगली असतात, पण दर वर्षी चांगली असतातच असं नाही. म्हणून मी बॅगेतून कागद काढला. ठाकुरदासभाईंना ते आवडलं नाही. घर की बात है, कागज़ किसलिए, म्हणाले. मी म्हटलं, दादा, तुमच्यासाठी नाही. तुमच्यानंतरच्यांसाठी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, लिखो.

पाटील कलमं सांगायला लागले : खाटांची संख्या, बायकांची संख्या, चढण्याउतरण्याची वेळ, पादत्राणं. मी ती ऐकून घेतली आणि लिहिलं ते असं. गच्ची दोघांची. दाराला कुणी एकट्याने कुलूप लावायचं नाही. होळीपासून पाऊस येईपर्यंत वाळवणाला हरकत घ्यायची नाही. हे दोघांच्या वारसांवरही बंधनकारक. अर्धं पान झालं. दोघांनी सह्या केल्या, आम्ही दोन वकिलांनी केल्या, आणि सुट्टी लागायच्या आधी तो कागद कोर्टात दाखल झाला. न्यायाधीशांनी वाचला, दोघांनाही विचारलं, मान्य आहे का, आणि दावा तडजोडीने निकाली काढला. पूर्ण दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. बार रूममध्ये कुणाला पत्ता नव्हता.

साईंनी काळ्या चष्म्यातून तो कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला. लिहून घेतलंस ते बरं केलंस, म्हणाले. माणूस वितळतो बेटा, तसा परत गोठतोही.

ते खरं ठरलं. त्या दशकाच्या अखेरीला ठाकुरदासभाई गेले आणि त्यांच्या मुलाने गच्चीवर लोखंडी दार बसवलं, मोठं कुलूप घातलं. भाभींनी त्याच्यावर दावा-बिवा काही केला नाही. त्या अर्ध्या पानाची नक्कल घेऊन वर गेल्या आणि त्याच्या हातात दिली. मुलाने ती आपल्या वकिलाला दाखवली, वकिलाने वाचून त्याला घरी पाठवलं, आणि कुलूप निघालं. मला हे पुढे कधीतरी बाजारात भेटल्यावर कळलं, तेही पापडांच्या भावाबद्दल बोलून झाल्यावर.

नव्या वकिलांच्या सभेत मला हटकून विचारतात, तुमची सर्वात मोठी केस कोणती? लोकांना खून हवा असतो, निदान जमिनीचा घोटाळा. मी गच्ची सांगितली की अध्यक्ष घड्याळ बघतात. या केसचा निकाल कुठल्या पुस्तकात छापून आला नाही, तिचा दाखला कुणी दिला नाही, तीत कायद्याचा एकही नवा मुद्दा नव्हता. पण एका बाईला ऊन हवं होतं आणि ते तिला उन्हाळ्यातच मिळालं. आमच्या धंद्यात ही वेळ साधणं किती अवघड आहे ते धंद्यातल्याला विचारा. मला त्याचा अभिमान आहे. आणि अभिमानाबद्दल मी सहसा संशयी असते, म्हणून हा तपासून बघितलेला आहे.

कुलूप निघाल्यावरच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीवरून गेले. भाभींनी वर बोलावलं. खाटांवर धुतलेली धोतरं ताणून त्यांवर पापड, ओळीने, अजून ओले, कडा उचलायला सुरुवात झालेले. बायका खालून परातीत आणत होत्या, हात न थांबवता बोलत होत्या. आणि एका कोपऱ्यात, टाकीच्या सावलीत, खुर्ची टाकून ठाकुरदासभाई बसले होते. हातात काठी. कावळा कठड्यावर उतरला की काठी उचलायची, कावळा उडाला की खाली ठेवायची. मला पाहून म्हणाले, मॅडम, ध्यान रखना पड़ता है, और कौन रखेगा. प्रतिवादी क्रमांक एक इतकं मन लावून काम करताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.

दावा निकाली निघाला त्या दिवशी संध्याकाळी भाभींनी मला पापडांचं एक पुडकं दिलं. मी ते अंबरनाथला घरी नेलं. अण्णा कामावरून येऊन दारात हात धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. यंत्राचा बिघाड ऐकावा तसं त्यांनी ते ऐकलं. मधे दोन प्रश्न विचारले.

"म्हणजे कोण हरलं?"

"कोणी नाही."

"आणि काम झालं."

"झालं."

ते आत गेले. त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, आणि एकेक पापड चिमट्यात धरून, फिरवत, कुठेही डाग पडू न देता भाजला. ताट भरलं. मला वाटलं, आता जेवायला बसू. पण त्यांनी चप्पल घातली, ताट उचललं आणि बाहेर पडले. पहिल्या दाराशी, दुसऱ्या दाराशी. लेकीची केस झाली, घ्या. ओट्यावर बसलेले शेजारचे कांबळेकाका ताटाकडे बघून म्हणाले, "अहो, असल्या वेळी पेढे वाटतात. पापड कोण वाटतं?"

"पेढे कुणीही वाटतो," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या दाराशी गेले.